यादीत नसलेली वाडी

(खालापूर येथे कार्यकर्ते आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन. विषय : ‘तंत्रज्ञान, लोकसहभाग आणि शासनाची धोरणे’)



कलाशाखेत पदवी घेऊन उभे आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत काढलेल्या माणसाला तंत्रज्ञानावर बोलायला बोलावणे हे संयोजकांचे धाडस आहे. संगणकाच्या पोटात काय चालते ते मला सांगता येणार नाही. परंतु संगणकाच्या पडद्यावर जे उमटते, त्याचा गावातल्या माणसाच्या जगण्यामरण्याशी काय संबंध येतो, हे बातमीदाराला पाहावे लागते. तेवढ्याच अधिकाराने चार गोष्टी मांडतो.

या तालुक्याला तंत्रज्ञान नवे नाही. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांकडे वीज निघाली. लोणावळ्याच्या पठारावर अडवलेले पाणी घाटमाथ्यावरून नळांतून खाली उतरवायचे आणि त्या वेगावर यंत्रे फिरवायची, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ती प्रत्यक्षात आली तेव्हा ते हयात नव्हते. पुढे याच तालुक्यातून द्रुतगती मार्ग गेला. मोरब्याचे धरण झाले, त्याचे पाणी नवी मुंबई पिते. शंभर वर्षांहून अधिक काळ तारा, नळ आणि रस्ते खालापूर ओलांडून पुढे जात आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर ज्या ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत, त्यांच्यापर्यंत यातले किती पोहोचले, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री तो प्रश्न डोंगरच खाली घेऊन आला.

इर्शाळवाडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहे. चौककडून नानिवलीला यायचे आणि तिथून तासाभराची चढण. इर्शाळगडाच्या सुळक्याचे नेढे द्रुतगती मार्गावरूनही दिसते, आणि त्या गडाच्या पोटाशी ही ठाकरांची वाडी होती. गडावर जाणारे मुंबई-पुण्याचे तरुण तिथे थांबत, भाकरी खात, पाणी भरून घेत. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. ४८ कुटुंबे, २२८ माणसे. त्या रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास वरचा कडा मातीसकट घसरला आणि बहुतेक घरे त्याखाली गेली. १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत त्या परिसरात ४९९ मिलिमीटर पाऊस पडला होता, असे शासनाने विधिमंडळात सांगितले. मिलिमीटर म्हटले की आपल्या मनात फारसे चित्र उभे राहत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी. आपल्या घरातल्या एका सतरंजीएवढ्या जागेवर तीन दिवसांत हजारभर लिटर पाणी ओतले गेले, आणि ते सबंध डोंगरावर, असे समजा.

बचावाची यंत्रणा आली, पण यंत्रे आली नाहीत. माती उपसणारी अवजड वाहने पायथ्याशी उभी राहिली, कारण वर जायला वाट नव्हती. वायुदलाची हेलिकॉप्टर सज्ज होती, पण ढगांमुळे आणि पावसामुळे ती उडू शकली नाहीत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी कुदळ, फावडे आणि हात यांनी चिखल उपसला. चढण चढताना अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचे हृदयविकाराने प्राण गेले. मुख्यमंत्रीही पावसात पायी वर गेले. २३ जुलैला शोधकार्य थांबवले तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते, ५७ जण बेपत्ता होते, आणि १४४ माणसे उरली होती. जी मुले आश्रमशाळेच्या वसतिगृहात होती ती वाचली. त्यांतल्या काहींना परतायला घर नव्हते आणि घरातली माणसेही नव्हती.

दुसऱ्या दिवशी विधिमंडळात जे सांगण्यात आले, त्यातले एक वाक्य माझ्या मनातून आजवर गेलेले नाही. दरडप्रवण गावांची जी शासकीय यादी आहे, तिच्यात इर्शाळवाडीचे नाव नव्हते.

हे वाक्य खोटे नव्हते. मला वाटते तेच त्यातले सर्वांत भयंकर आहे. कोणी नाव दडपले असते, पैसे खाऊन खोडले असते, तर आपल्याला दोषी सापडला असता आणि वृत्तपत्रांना मथळा मिळाला असता. इथे सर्वेक्षण झाले होते, तज्ज्ञांनी केले होते, नकाशे होते, संगणक होते. तरी वाडी यादीबाहेर राहिली. का राहिली, हे समजून घ्यायचे म्हणून मी एका निवृत्त नायब तहसीलदारांकडे गेलो. त्यांचे नाव सांगत नाही, ते त्यांना आवडणार नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात तलाठी म्हणून त्यांनी नोकरीला सुरुवात केली होती. तलाठी हा शब्दही आता कागदावरून गेला, २०२४ पासून त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पण दप्तर बगलेत मारून ओढा ओलांडणारा माणूस अजून लोकांच्या तोंडी तलाठीच आहे. तर ते म्हणाले, “अहो, संगणकात गाव असते. वाडी नसते.”

मला आधी उलगडा झाला नाही. त्यांनी समजावून सांगितले. आपले सारे महसुली दप्तर महसुली गावावर उभे आहे. गावाला हद्द असते, गट क्रमांक असतात, जनगणनेचा संकेतांक असतो. त्या गावाच्या हद्दीत डोंगरावर चार वाड्या असतील, तर त्या गावाच्या पोटात गणल्या जातात. त्यांची माणसे मोजली जातात, मतेही मोजली जातात, पण वाडी म्हणून तिला स्वतंत्र ओळख बहुधा नसते. ज्याला संकेतांक नाही त्याच्यासमोर रकाना उघडत नाही, आणि ज्याच्यासमोर रकाना नाही त्याच्याबद्दलची माहिती भरणार कुठे? पूर्वी तलाठ्याच्या हस्ताक्षरातल्या वहीत समासात काहीबाही लिहिता येत असे. ‘वरल्या अंगाला भेग पडली आहे’, ‘पावसाळ्यात वाट बंद’. ते म्हणाले, “संगणकाला समास नाही.”

या एका वाक्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

नकाशाचेही तसेच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१४ नंतर देशभर दरडींच्या शक्यतेचे नकाशे करण्याचे मोठे काम हाती घेतले. ते काम मोलाचे आहे आणि त्याची टिंगल मला करायची नाही. पण ते नकाशे एकास पन्नास हजार प्रमाणावरचे आहेत. याचा अर्थ जमिनीवरचे ५०० मीटर नकाशावर एक सेंटिमीटर होतात. शंभर मीटर पसरलेली वाडी नकाशावर दोन मिलिमीटरची होते. ही एवढी जागा शिसपेन्सिलीच्या टोकाखाली झाकली जाते. कोणता उतार एकंदरीत धोक्याचा आहे हे तो नकाशा सांगू शकतो. कोणाच्या गोठ्यामागे यंदा नवी भेग पडली, हे त्याने सांगावे अशी अपेक्षाच चुकीची आहे. ते सांगू शकणारा माणूस वाडीत राहतो, आणि त्याच्याकडून ते ऐकून घेण्याची खिडकी आपण बांधलेली नाही.

रस्त्याचे उदाहरण घ्या, आणि हे उदाहरण आपल्याला थोडे बोचणारे आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी अटलजींच्या काळात सुरू झाली. स्वतंत्र भारतात खेड्यांचे रूप पालटणाऱ्या ज्या थोड्या योजना झाल्या, त्यांत मी तिला फार वरचे स्थान देतो. तिचा निकष लोकसंख्येचा. सर्वसाधारण भागात ५०० वस्तीची वाडी, आणि डोंगरी राज्ये, अनुसूचित क्षेत्रे वगैरे विशेष भागांत २५० ची. निकष लावल्याशिवाय धोरण चालत नाही, हे मान्य. मात्र २२८ माणसांची वाडी ५०० च्या निकषात बसत नाही आणि २५० च्याही बसत नाही. ज्यांनी निकष ठरवला ते दुष्ट नव्हते. त्यांनी डोंगराची चढण मोजण्याचा रकाना ठेवला नव्हता, इतकेच.

आता मी दुसऱ्या बाजूकडे येतो, कारण केवळ रडगाणे गाण्यासाठी आपण जमलेलो नाही.

महाराष्ट्रात संगणकाने सामान्य माणसाचे भले केलेले नाही, असे म्हणणारा माणूस तहसील कचेरीच्या पायरीवर कधी बसलेला नसावा. सातबाराच्या उताऱ्यासाठी तीन-तीन हेलपाटे घालणारी माणसे मी पाहिली आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा घरबसल्या मिळू लागला आणि अनेक किरकोळ दलाल त्या दिवशी बेकार झाले. त्यांच्याबद्दल कोणाला हळहळ वाटत असल्यास त्यांनी मला नंतर भेटावे. (हशा) पण उतारा मिळणे म्हणजे शासनाने नागरिकाला माहिती देणे. प्रवाह वरून खाली. त्याहून मोठी गोष्ट १५ ऑगस्ट २०२१ रोजी घडली, आणि तिची हवी तशी चर्चा झाली नाही. त्या दिवसापासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली.

शेतात कोणते पीक उभे आहे हे गाव नमुना बारामध्ये लिहिण्याचा अधिकार पिढ्यान्‌पिढ्या सरकारी माणसाचा होता. कुलकर्ण्याचा होता, मग तलाठ्याचा. चावडीत बसून गेल्या वर्षीचेच पीक उतरवून काढणारे महाभाग होते, हे आमचे नायब तहसीलदारही हसत कबूल करतात. भात पेरलेल्या शेतात कागदोपत्री नाचणी डोलत असे. ई-पीक पाहणीत ही लेखणी शेतकऱ्याच्या हाती दिली गेली. तो आपल्या शेतात उभा राहून भ्रमणध्वनीवर पिकाचे छायाचित्र घेतो, उपग्रहाच्या साहाय्याने त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात, आणि तीच शासनाची नोंद होते. सगळे आंधळेपणाने स्वीकारायचे नाही म्हणून किमान १० टक्के नोंदी तलाठ्याने तपासायच्या. पालघर जिल्ह्यात टाटा ट्रस्टच्या साहाय्याने आधी प्रयोग झाला, मग राज्यभर नेला. अडचणी भरपूर आल्या. डोंगरात संपर्कलहरी मिळत नाहीत, ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याने काय करावे, वयस्क शेतकऱ्यांची त्रेधा, शेवटच्या दिवशी यंत्रणा ठप्प. पुढे गावोगाव सहायक नेमावे लागले. तरीही माझ्या दृष्टीने ही क्रांती आहे. शासनाने प्रथमच मान्य केले की शेतात काय आहे हे शेतकऱ्याला शासनापेक्षा चांगले कळते, आणि ते त्याच्या हाताने दप्तरात उमटू द्यायला हरकत नाही.

मग माझा प्रश्न असा की, ज्याला आपल्या बांधावरची नाचणी नोंदवता येते, त्याला आपल्या घरामागची भेग का नोंदवता येऊ नये?

यावर लगेच उत्तर येते की एखादे नवे ॲप काढू. त्याआधी वारणेची गोष्ट ऐकावी. १९९८ साली तात्यासाहेब कोरे यांच्या वारणा खोऱ्यात सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. देशभर गाजलेला प्रयोग. कल्पना अशी की गावातल्या संगणक केंद्रावर शेतकरी बाजारभाव पाहील, हवामान पाहील, जगाचे ज्ञान मिळवील. काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिले, तर केंद्रे प्रामुख्याने एकाच कामाला लागलेली होती. आपला किती ऊस तुटला, किती वजन भरले, खत किती उचलले, याचा हिशोब. पुढे काही गावांत संगणक बाजूला ठेवून तेच काम साध्या भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशांवर करून पाहिले गेले, आणि शेतकऱ्यांना ते अधिक सोयीचे वाटले. यात शेतकऱ्याचे काही चुकले नाही. त्याला ज्या उत्तराची निकड होती ते त्याने घेतले. यंत्र किती भारी आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. विचारले की उत्तर येते की नाही, एवढे तो बघत होता.

नेमके हे ‘उत्तर येणे’ कुठे अडते, ते पाहू. २०१४ मध्ये केंद्राने मायगव्ह हे व्यासपीठ सुरू केले. स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह, गांधीजींचा तो चष्मा, लोकांकडून मागवलेल्या चित्रांमधून निवडले गेले आणि ते चित्र कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचे होते. आपल्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. परंतु बोधचिन्ह मागवणे सोपे असते. हजारो चित्रे आली, एक निवडले, बाकीच्यांचे आभार मानले, काम संपले. धोक्याची सूचना मागवणे तसे नसते. प्रत्येक सूचना उघडून पाहावी लागते, तिथे जावे लागते, आणि ‘धोका नाही’ असे लिहिले तर त्याखाली स्वतःचे नाव घालावे लागते. लोकांकडून कल्पना घ्यायला प्रशासन आनंदाने तयार होते. इशारा घेतला की जबाबदारी चिकटते, म्हणून तिथे हात आखडतो. निवृत्त गृहस्थांचेही हेच म्हणणे होते. त्यांच्या मते कचेरीतला माणूस आळसामुळे क्वचितच गप्प बसतो. बहुतेक वेळा तो आपल्या सहीच्या भीतीने गप्प बसतो.

याचे उदाहरण केरळात घडले. वायनाड जिल्ह्यात कल्पेट्टा येथे ह्यूम सेंटर ही पर्यावरणाचे काम करणारी संस्था आहे. तिने शेतकरी, मळेवाले आणि स्थानिक रहिवासी यांना बरोबर घेऊन जिल्हाभर दोनशेच्या आसपास पर्जन्यमापक बसवले आहेत. लोक मोजतात, कळवतात, संस्था एकत्र करते आणि कोणत्या उतारावर पाणी प्रमाणाबाहेर मुरले आहे याचा अंदाज बांधते. सहकार्याचे याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही. २९ जुलै २०२४ रोजी सकाळीच आम्ही जिल्हा प्रशासनाला धोक्याची कल्पना दिली होती, असे त्या संस्थेने नंतर सांगितले. त्याच रात्री, ३० जुलैच्या पहाटेपूर्वी, मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे दरडीने वाहून गेली. अडीचशेहून अधिक माणसे गेली. म्हणजे इर्शाळवाडीत कोणी मोजत नव्हते. वायनाडमध्ये लोकांनी मोजले होते, कळवलेही होते. पण स्वयंसेवी संस्थेच्या निरोपावर गाव रिकामे करायचे की नाही, हे ठरवणारी रीत कुठल्याच दप्तरात नव्हती. तंत्रज्ञान होते, सहकार्य होते. दोघांना जोडणारे धोरण तेवढे नव्हते.

त्या घटनेच्या बरोबर दहा वर्षे आधी, ३० जुलै २०१४ ला, आपले माळीण गेले होते. १५१ बळी. सकाळी एसटीची गाडी घेऊन आलेल्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा जगाला कळले. म्हणजे २०१४ मध्ये गाव नाहीसे झाल्याची वर्दी एसटीच्या चालकाने दिली. मग २२ जुलै २०२१ ला आपल्याच जिल्ह्यातले तळिये. मग इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी कंटेनरमधील तात्पुरता निवारा, मग पुनर्वसनाची घरे. इर्शाळवाडीच्या लोकांची घरे सिडकोने बांधली. हे सारे आवश्यकच आहे. पण ते दरड कोसळल्यानंतरचे आहे.

काहीच बदलले नाही असेही नाही. इर्शाळवाडीला एक वर्ष झाले त्याच दिवशी, १९ जुलै २०२४ ला, कोलकात्यात राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्र सुरू झाले. त्याचे एक भ्रमणध्वनी ॲपही आहे, आणि दरड कोसळल्याची माहिती सामान्य माणूस त्यावर पाठवू शकतो. राज्यात महावेध प्रकल्पातून महसूल मंडळवार दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. पण मंडळाचे केंद्र बसते ते सखल भागात, जिथे जागा आणि रस्ता मिळतो. सह्याद्रीचा पाऊस पाहिलेल्या तुम्हाला मी काय सांगावे! चौकात रिपरिप असते तेव्हा गडाच्या अंगावर धोधो कोसळत असतो.

लोक पुढे होतात आणि धोरण त्यांच्या मागून येते, असे याच तालुक्यात घडलेले आहे, ते आपण विसरू नये. द्रुतगती मार्गावर अपघात झाला की पूर्वी माणसे गाडीतून उतरायला घाबरत. जखमीला उचलले तर पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील, साक्षीला खेपा माराव्या लागतील, ही भीती. तरीही खोपोलीतले तरुण धावत. पुढे व्हॉट्सॲपवर गट बांधून, निरोप मिळताच कोण जवळ आहे, कोणाकडे गाडी आहे, रक्त कुठल्या गटाचे हवे, हे काही मिनिटांत ठरवून ते घाटात पोहोचू लागले. असे लोक देशभर होते. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतकर्त्यांना त्रास होऊ नये यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक रूप दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही, आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर होणार नाही. लोकांनी आधी केले, कायद्याने नंतर त्यांच्या पाठीवर हात ठेवला. इर्शाळवाडीच्या रात्री खोपोलीच्या यशवंती हायकर्सची मंडळी डोंगर चढली, इतर गिर्यारोहक चढले, तेही असेच, कोणाच्या लेखी आदेशाची वाट न पाहता.

दरडीच्या बाबतीत असा हात अजून कोणाच्या पाठीवर पडलेला नाही. वाडीतल्या माणसाने सांगितले की झऱ्याचे पाणी अचानक गढूळ येते आहे, किंवा वाहता झरा एकाएकी आटला, झाडे कलली, घराचे दार चौकटीत अडकू लागले, तर ही सगळी डोंगर हलू लागल्याची लक्षणे आहेत, हे भूवैज्ञानिकही सांगतात. वाडीतल्या म्हाताऱ्याला ती ठाऊक असतात. पण त्याने ती सांगायची कोणाला? पोलीस पाटलाला सांगितले, पोलीस पाटलाने तहसीलला कळवले, आणि रात्री लोकांना खाली आणले. सकाळी डोंगर जागच्या जागी. मग कोणाची फजिती? धान्य भिजले, कोंबड्या गेल्या, त्याची भरपाई कोण देणार? चुकीच्या वेळी सावध केल्याचा दोष कोणालाच लागणार नाही, असे जोवर नियमात लिहिले जात नाही, तोवर कोणताही पोलीस पाटील आणि कोणताही ग्राम महसूल अधिकारी पहिली हाक मारायला कचरणार. अपघातग्रस्ताला उचलणाऱ्याला जे संरक्षण मिळाले, ते निष्फळ ठरलेल्या सावधगिरीलाही मिळाले पाहिजे. माझी शासनाकडे मागणी एवढीच आहे, आणि तिला फार पैसे लागत नाहीत.

आता थोडे आपल्याविषयी. याच तालुक्यातल्या उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवछत्रपतींनी कारतलबखानाची फौज कोंडली. खानाकडे माणसे होती, तोफा होत्या, खजिना होता. या रानाची खबर मात्र महाराजांकडे होती. चौक हे सरनौबत नेताजी पालकरांचे गाव मानले जाते. हे सारे आपण अभिमानाने सांगतो. रानातल्या माणसाची खबर ज्या राज्यात किल्लेदारापर्यंत वेळेवर पोहोचत होती, तिथे आज ती तहसीलपर्यंत का पोहोचू नये, याची टोचणीही त्या अभिमानाबरोबर असायला हवी. दरड कोसळली की आपले स्वयंसेवक पोहोचतात. धान्य, ब्लँकेट, भांडी, सगळे पोहोचते. वनवासी बांधवांत काम करणारे आपले कार्यकर्ते वर्षानुवर्षे या वाड्यांवर जात आहेत. त्यांना प्रत्येक घराचे दार माहीत आहे. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात वाडीवर एक पर्जन्यमापक लावायला आपण जातो का? साधा पर्जन्यमापक महाग नसतो. रोज सकाळी साडेआठला तो बघायचा आणि आकडा लिहायचा, हवामान खात्याची वेळही तीच आहे. शाळेतली चौथीची मुलगी ते करू शकते. त्या आकड्यांची साखळी जुळवायला, त्यांचा नकाशा करायला आपल्या शहरी घरांतली संगणक शिकलेली मुले आहेत. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या अनोळखी माणसांनी आपापल्या घरी बसून, उपग्रहाची छायाचित्रे पाहत, काही दिवसांत त्या राजधानीचा रस्त्यारस्त्याचा नकाशा आंतरजालावर तयार करून मदतपथकांच्या हाती दिला. पुण्या-डोंबिवलीच्या मुलांना कर्जत-खालापूरच्या वाड्या नकाशावर आणणे त्याहून खचित सोपे आहे. त्यांना त्या वाड्यांची नावे सांगणारा कोणीतरी हवा.

निघताना मी त्या निवृत्त गृहस्थांना विचारले की, सध्या वेळ कसा जातो? त्यांनी आतून एक दोनशेपानी वही आणली. नोकरीत जिथे जिथे पायी गेले त्या सगळ्या वाड्या ते आठवून लिहीत होते. आठवत नसेल तिथे मुलाच्या मोटारसायकलवरून पायथ्यापर्यंत जाऊन विचारून येत होते. पट्टीने रकाने पाडलेले. वाडीचे नाव, घरे, पायथ्यापासून किती वेळाची चाल, ओढे किती आणि कोणता आधी फुगतो, फोन कोणत्या दगडावर उभे राहिले की लागतो. शेवटच्या रकान्याचे शीर्षक होते, ‘रात्री हाक मारायची तर कोणाला’. काही ओळींत तिथे नावे होती. काहींत नुसते ‘शाळेच्या शेजारचे घर’ असे होते. पुष्कळ ओळी कोऱ्या होत्या. मी विचारले, “या कधी भरणार?” ते म्हणाले, “त्यासाठी वर चढावे लागते. माझे गुडघे आता राहिले नाहीत. तुमच्याकडे कोणी आहे का?”

ती वही त्यांनी मला दिली. इथल्या तरुणांना दाखवण्यासाठी मी ती आज बरोबर आणली आहे. भाषण संपल्यावर ज्यांना पाहायची असेल त्यांनी पुढे यावे.